बावखल दाखवण्याचा कार्यक्रम

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रचना चतुर मोजायला जायची. चतुर म्हणजे तेच, ज्यांच्या शेपटीला लहानपणी आपण दोरा बांधायचो आणि हेलिकॉप्टर म्हणून उडवायचो. त्यांचीच अंगाने बारीक, पंख मिटून बसणारी बहीण म्हणजे टाचणी. आचोळ्याच्या सोसायटीत हे कोणाला सांगायची सोय नव्हती. शेजारच्या काकूंना तिने एकदा सांगून बघितलं, तर त्यांनी ऑफिसचं काम का, असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर हळूच विषय बदलला. नवरा, संकेत, तर उघडउघड चेष्टा करायचा. लोक रविवारी मटणाच्या लाइनीत उभे राहतात, आमची बायको डबक्याच्या काठी उभी राहते, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. पण शनिवारी रात्री तिच्या स्कूटरच्या चाकातली हवा तोच तपासून ठेवायचा, हेही सांगायला हवं.

हा मोजणाऱ्यांचा गट उभा केला होता शेल्डनने. शेल्डन नंदाखालचा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा, वयाने रचनापेक्षा लहान, पण शिस्तीत तिच्या सासऱ्यांच्या वरताण. त्याचे नियम ठरलेले होते. जागा तीच, वाट तीच, ऊन नीट वर आल्यावर सुरुवात. जे दिसलं तेच लिहायचं. 'होता हो, आत्ताच उडाला' हे चालणार नाही. काही दिसलं नाही तर तसं लिहायचं, आणि लिहिताना तोंड पाडायचं नाही. पगार नाही, प्रमाणपत्र नाही, वर्षाच्या शेवटी नंदाखालला त्याच्या घरी सगळ्यांना जेवण मात्र असायचं. तेवढ्यावर वीसेक माणसं वसई-विरारच्या तळ्यांवर, नाल्यांवर, खाजणांवर ऊन खात हिंडत होती.

रचनाकडे होळी गावातलं बावखल आलं होतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी घालता यावं म्हणून जुन्या लोकांनी खणून ठेवलेली गोड्या पाण्याची जागा. तळं म्हणावं तर लहान, डबकं म्हणावं तर मालकाला राग येईल अशी. हे बावखल केळीच्या आणि नारळांच्या मधे होतं. काठाला गुडघाभर लव्हाळे, एका कोपऱ्यात पाणकणसं, मध्यावर कुमुदिनीची पानं आणि एका बाजूने पाण्यावर वाकलेली जांभूळ. सावलीत उभं राहिलं की पाच मिनिटांत पाय डासांनी खाऊन काढायचे. रचनाला ती जागा फार आवडायची. आपल्याला एवढी कुठली जागा आवडू शकते, याचं तिला स्वतःलाच जरा नवल वाटायचं.

वाडीचे थोरले आत्माराम काका. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, ही बाई डेंग्यूवाल्यांकडून आली आहे, आणि त्यांनी घरातली सगळी पिंपं आधीच उपडी करून ठेवली होती. खरं काय ते कळल्यावर ते हसले आणि तिच्यामागून चालायला लागले, ते दोन वर्षं चालतच होते. मोजण्याच्या बाबतीत ते अगदी कुचकामी होते. एकच चतुर तीनदा गिरकी मारून त्याच काडीवर बसला की ते तीन म्हणायचे. "काका, तोच आहे तो," रचना म्हणायची, आणि त्यांना ते पटायचं नाही. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने घरगुती नावं पाडली होती. लालभडक तो शेंदऱ्या. पिवळीजर्द ती हळदी टाचणी. हळदी त्या बावखलात इतकी असायची की लव्हाळ्यात हळद सांडल्यासारखी दिसे. गटाच्या बाकीच्या जागांवर ती कमी कमी होत चालली होती, त्यामुळे शेल्डन दर महिन्याला आधी होळीचा आकडा विचारायचा, आणि काकांना त्याचा एवढा अभिमान की जणू त्या टाचण्या त्यांनीच वाढवल्या होत्या.

काकांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे रचनाने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, म्हणूनच बहुतेक दोघांचं जमलं. मोठे भाऊ वारले, तेव्हापासून भावजय सुनंदा, पुतण्या दीपेश आणि काका असं तिघांचं घर एका चुलीवर चाललं होतं. जमीन दोन्ही भावांच्या नावावर होती, पण कुठली केळ कोणाची हे त्या घरात कोणी कधी काढलं नव्हतं.

दीपेशचा लग्नाच्या मांडवांचा धंदा होता. खुर्च्या, पडदे, दिवे, फुलांची कमान, सगळं तो पुरवायचा. मुलगा कष्टाळू, गोड बोलणारा, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली, की आपली वाडी रस्त्याला लागून आहे, इथे स्वतःचा लॉन करावा. लॉनला पार्किंग लागतं. पार्किंगला सपाट जागा लागते. सपाट करायला वाडीत एकच खड्डा होता. हल्ली कुठे ना कुठे इमारतीचं खोदकाम चालूच असतं, भरणीची माती घरपोच येते. सुनंदावहिनींचाही त्याला पाठिंबा होता. बावखलाने त्यांना डास दिले होते, दोनदा स्वयंपाकघरात दिवड साप दिला होता, आणि बदल्यात काय दिलं हे त्यांना आठवत नव्हतं, कारण वाडीला पाणी आता बोअरिंगचं होतं.

काका भांडले नाहीत. भांडणं त्यांना येतच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की भरायच्या आधी एकदा ह्या बाईंबरोबर उभा राहून बघ, ह्यात काय काय आहे ते. दीपेश हो म्हणाला. ऑक्टोबरचा दुसरा रविवार ठरला.

आदल्या रविवारी काकांनी रचनाला फोन करून हे कळवलं. त्यांच्या आवाजावरून वाटावं, घरातली मुलगी दाखवायची आहे. रचनाला हसू आलं आणि मागोमाग काळजीही वाटली, कारण ती मोजणारी होती, जागा वाचवणारी नव्हती, आणि तिच्या हातात एका सकाळपलीकडे काही नव्हतं. पण ऑक्टोबरचं ऊन, पाऊस सरलेला, लव्हाळे भरात, हळदी टाचण्यांची जोड्यांनी उडायची वेळ. कोणीही बघितलं तरी बघत राहील. तिला खात्री होती.

"बाय, आमी काय तयारी करू?" काकांनी विचारलं.

"काही नको काका," रचना म्हणाली. "थोडं साफसूफ असलं म्हणजे झालं."

आता हे वाक्य आपल्यापैकी कोण बोललं नाही? पाहुणे येणार असले की तोंडातून निघतंच. तिच्या मनात होत्या जांभळीखाली अडकलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलचा एक तुकडा, जो गणपतीपासून पाण्यावर तरंगत होता. पिशव्या काढा असं सरळ म्हणणं तिला उद्धटपणाचं वाटलं. दुसऱ्याच्या वाडीतला कचरा आपण कसा दाखवायचा, म्हणून तिने गुळमुळीत सांगितलं आणि फोन ठेवून दिला. आठवडाभर ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

रविवारी ती पोहोचली तेव्हा अंगणात सडा मारलेला होता. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बहुधा दीपेशच्याच गोदामातल्या, ओळीने मांडल्या होत्या. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्या कॉलरमुळे त्यांना मान वळवता येत नव्हती. स्वयंपाकघरातून कांदेपोह्यांचा वास येत होता. म्हणजे कार्यक्रम खरोखरच मुलगी दाखवायचा, असं रचनाच्या मनात आलं आणि ती हसत हसत काकांच्या मागून केळीतून पुढे गेली.

बावखल स्वच्छ होतं.

लव्हाळे नव्हते. पाणकणसं नव्हती. कुमुदिनी मुळापासून उपटली होती, शेवाळ ओढून काढलं होतं, काठ फावड्याने तासून सरळ केले होते. मुंजीत डोकं भादरलेला बटू दिसतो तसं ते बावखल उघडं, चकचकीत आणि जरा केविलवाणं दिसत होतं. पाणी अजून गढूळ होतं, पण त्यात नारळांची पडछाया अख्खी दिसत होती, जी आधी कधी दिसली नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते. काका, दरवाजात येऊन उभ्या राहिलेल्या सुनंदावहिनी, आणि ट्रॅकपँट घातलेला, दोन्ही कोपरं खरचटलेला दीपेश.

"वा," रचना म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? माणसांनी कंबरभर चिखलात उतरून केलेलं काम होतं. ती वही काढून नेहमीच्या वाटेने चालू लागली. जांभळीपासून सुरुवात, मग केळीची बाजू, मग पाणकणसांचा कोपरा, म्हणजे जिथे तो होता तिथे. मागून सगळे आले. देवळात प्रदक्षिणा घालावी तसे चालत होते. ऊन उत्तम होतं. वारा नव्हता. आणि पाण्यावर काही म्हणजे काही नव्हतं. बसायला काडीच नव्हती तर बसणार कुठे?

शेवटी नारळांच्या शेंड्याएवढ्या उंचीवरून एक चतुर आला, बावखलावरून सरळ गेला आणि शेजाऱ्यांच्या वाडीत नाहीसा झाला. तो वाटसरू जातीचा, कुठेही न थांबणारा. "एक," काका आनंदाने म्हणाले. या वेळी त्यांचा आकडा बरोबर होता. रचनाने 'एक' लिहिलं.

तिला वाटलं, आता दीपेश म्हणेल, बघितलं ना, काही नाही इथे. ती त्याच्या त्या वाक्याची वाट बघत उभी राहिली. पण दीपेश भलतंच बोलायला लागला. त्याने साफसफाईला दोन माणसं लावली होती, ती नीट काम करेनात म्हणून स्वतः उतरला. आणि उतरल्यावर त्याला आठवलं, की पोहायला तो इथेच शिकला होता, वडील काठावर बसून ओरडायचे. तळाशी एका जागी पायाला एकदम गार लागलं. झरा होता. अजून चालू होता. भरणीचं त्याने रद्द केलं होतं. मातीवाल्याला कालच फोन करून नको म्हणून सांगितलं होतं.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी रचनाकडे बघून हात जोडले. "बाय, तुमच्यामुलं," ते म्हणाले. रचनाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

कारण दीपेशचं पुढचं सांगणं चालूच होतं. आता चारी बाजूंनी दगडी भिंत, वरून लादी, उतरायला पायऱ्या, पाण्यात रंगीत दिवे. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला हल्ली कुठे कुठे जातात, ती इथे येतील. गवंडी उद्यापासून लागणार होते. गवत एकदा उगवलं की पुन्हा तेच, म्हणून काठाला सिमेंट. आणि काढलेला सगळा कचरा उचलायला टेंपो येतच होता.

"कुठे आहे कचरा?" रचनाने विचारलं.

तो वाडीच्या मागच्या बाजूला, केळीच्या पलीकडे होता. लव्हाळे, पाणकणसं, कुमुदिनीचे लांबलचक देठ, शेवाळाच्या रजया, सगळं एकावर एक टाकून माणसाच्या छातीएवढा ढीग झाला होता. वरचा थर उन्हाने वाळून कुरकुरीत झाला होता. रचनाने बाही वर केली आणि ढिगात हात घातला. आत अजून ओल होती. तिने शेवाळाचा एक गोळा बाहेर ओढला आणि केळीच्या पानावर झटकला.

पानावर चिखलाच्या रंगाचे चारपाच किडे पडले. ना झुरळ ना कोळी, चपट्या तोंडाचे, सहा पायांवर सरपटणारे. त्यांतले दोन बारीक, शेपटीला तीन पिसं खोचल्यासारखे. ते हलत होते.

आता गंमत बघा. रचनाला त्या क्षणी सगळ्यात सोपं काय होतं, तर पान पुन्हा ढिगात टाकायचं, हात धुवायचे, पोहे खायचे आणि स्कूटरला किक मारायची. बावखल वाचलं होतं. काका खूश होते. दीपेश खूश होता. वहीत 'एक' लिहिलेलं होतं आणि ते खरंच होतं. कोणी तिला जाब विचारणार नव्हतं. ती तशी गेली असती तर मी तिला दोष दिला नसता, अर्धं जग असंच चालतं. पण ती भित्री होती तरी खोटी नव्हती. तिने केळीचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि तसंच घेऊन अंगणात आली.

तिने ते खुर्चीवर ठेवलं आणि सांगितलं. चतुर आणि टाचणी आपल्याला उडताना दिसतात ते त्यांचे शेवटचे थोडे दिवस. त्याआधी महिनोन् महिने ती अशी पाण्यात असतात, शेवाळात लपून, डासांची पिल्लं खाऊन. हळदी टाचणी अंडी घालते ती पाण्यातल्या देठांच्या आत. देठ गेले की अंडी गेली. लादीवर ती अंडी घालत नाही. मागच्या ढिगात हजारो असतील, अजून जिवंत आहेत, दुपारपर्यंत वाळून मरतील. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "माझी चूक आहे. मी साफसूफ करा म्हणाले. मला दोन पिशव्या काढायला सांगायच्या होत्या."

काकांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला. दीपेश आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ती गंमत करत नाहीये.

"मॅडम, एक मिनिट. तुम्हीच सांगितलं साफ करा. आम्ही आख्खा आठवडा त्यात घातला. आता सांगता परत घाण करा?"

"हो," रचना म्हणाली.

"बावखल वाचलं ना? मी भरणार होतो, आता नाही भरत. ते मोठं की ही झुरळं?"

प्रश्न रास्त होता. भरण्यापेक्षा हे शंभरपट बरं, असं रचना म्हणाली. पण चारी बाजूंनी सिमेंट केल्यावर ते बावखल राहणार नाही, ती टाकी होईल. त्यावर दीपेश म्हणाला, टाकी तर टाकी. आपल्या वाडीत आपण काय करायचं हे आता बाहेरच्यांनी सांगायचं का, असंही तो पुटपुटला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

रस्त्यावर टेंपोचा हॉर्न वाजला. दीपेश फाटक उघडायला वळला.

काका तोवर खुर्चीपाशी वाकले होते. त्यांनी पानावरचा एक बारीक किडा बोटाने तळहातावर घेतला. दोन वर्षं ज्या टाचण्या ते मिरवत होते, त्यांचीच ही पिल्लं. ती त्यांनीच, माणसांच्या बरोबरीने, फावड्याने ओढून काढली होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग सरळ उभे राहिले.

"दीपेश," ते म्हणाले, "मना माजी वाटनी दे."

तो शब्द त्या अंगणात पडला आणि सगळं थांबलं. ज्यांच्या घरात जमिनी नाहीत त्यांना ह्याचं वजन कळणार नाही. एकत्र कुटुंबात माणसं एकमेकांवर ओरडतात, ताट ढकलून उठतात, वर्ष वर्ष अबोला धरतात, आणि तरी घर एक असतं. हा शब्द निघाला की घर एक नसतं. आत्माराम काकांनी तो चाळीस वर्षांत उच्चारला नव्हता. भाऊ गेला तेव्हा शेजाऱ्यांनी सुचवला होता, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांकडे जाणं बंद केलं होतं.

"जांभलीपासून पलीकडची कड माजी," काका म्हणाले. "तिकडं भिंत नको, लादी नको. तुजी कड तू कशी पन बांध."

दीपेशचा चेहरा उतरला. "काका, एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी नाय." काकांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "मी कदी काय मागितलं नाय, म्हनून तुला वाटलं माजं इथं काय नायच. भरनीची माती कुठून आनू, ते तू मना इचारलंस. भरू का, ते नाय इचारलंस. आता भिंत बांधतोस, लादी घालतोस. कोनाला इचारलंस?"

दीपेश वाईट मुलगा नव्हता, आणि काकांना आपण विचारलंच नाही हे त्याला खरोखर त्या क्षणीच कळलं, हे त्याच्याकडे बघून रचनाला दिसत होतं. तिला रडू येत होतं. दोन पिशव्यांचा संकोच केला आणि एक घर फुटायला आलं. बाहेर टेंपोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.

सुनंदावहिनी पोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि अंगणात आल्या.

"भावोजी, तो शब्द काढू नका," त्या म्हणाल्या. "माज्या माहेरी वाटन्या झाल्या तवा माज्या भावांनी विहिरीच्या मदोमद भिंत घातली. एका अर्ध्यात पानी ऱ्हायलं, दुसऱ्यात गाळ. आजपन मी माहेरी गेली की पानी तोंडाला लावताना इचारते, हे कोनाचं हाय? आपल्या दारात तसं नको." मग त्या मुलाकडे वळल्या. "अर्धं नको न् पाव नको. सगलंच होतं तसं ठेव. डास मी सोसीन. टेंपोवाल्याला परत धाड."

दीपेश हलला नाही. एवढा वेळ कडेला उभी असलेली रचना आता वहिनींना दिसली, आणि त्यांनी तिच्याकडेही बघून घेतलं.

"आनि बाय, तुमी. दोन वर्सं येता आमच्याकडं. पावन्यासारकं गोड गोड कशाला बोलता? काय पायजे ते तोंडाने सरल सांगा."

रचनाने डोळे पुसले. एवढ्या वर्षांत तिला कोणी असं बोललं नव्हतं आणि एवढं बरंही वाटलं नव्हतं.

"तो ढीग परत पाण्यात टाका," ती म्हणाली. "सगळा. आत्ता. पोहे नंतर."

दीपेश फाटकाकडे गेला. टेंपोवाल्याशी काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण टेंपो उलटा फिरून गेला. परत येताना दीपेश कोणाकडे बघत नव्हता. तो सरळ ढिगाकडे गेला, शेवाळाची एक रजई दोन्ही हातांत कवटाळून आणली आणि बावखलाच्या काठाशी थांबला. झाडं परत लागतील का, किडे जगतील का, टाचण्या पुन्हा येतील का, असं त्याने रचनाला विचारलं. तिने माहीत नाही असं सांगितलं, कारण तिला माहीत नव्हतं. काही जगतील. लव्हाळे चिवट असतात. पुढच्या महिन्यात कळेल, नाहीतर पावसानंतर.

मग सगळेच लागले. रचनाने घमेली भरली. सुनंदावहिनींनी चांगल्या साडीचा काचा मारला. काकांनी इस्त्रीचा शर्ट काढून जांभळीच्या फांदीला अडकवला आणि मान मोकळी करून घेतली. दीपेश पाण्यात उतरला, कमरेपर्यंत गेला, आणि कुमुदिनीचा गठ्ठा डोक्यावर धरून मधोमध उभा राहिला.

"काका," त्याने काठाकडे बघत विचारलं, "हे कुठे टाकू?"

काका काठाने दोन पावलं चालले, पाण्याकडे बघितलं, जांभळीकडे बघितलं, सावली कुठवर येते ते बघितलं. एवढा विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दीपेश गठ्ठा डोक्यावर धरून थांबला होता, खांद्यांवरून गढूळ पाणी ओघळत होतं, आणि कोणाला घाई नव्हती.

"थोडा उजव्या अंगाला," काका म्हणाले. "हां. तिथं सोड."